मचूळ पाण्याची पापडी

हिवाळ्यात घरात भाजी विकत आणायची नाही, हा आईचा नियम होता. मला तो मुळीच आवडत नसे.

दिवाळी झाली की वाडीतल्या मांडवावर वालाची पापडी लागायची आणि होळीपर्यंत ती आमच्या ताटातून हलायची नाही. सकाळी पापडी-वांगं, रात्री पापडीचे दाणे घालून आमटी, दुसऱ्या दिवशी पापडी-बटाटा. त्यातला बटाटा बाजारचा, म्हणून चारच फोडी. मुळा निघाला की पाला, मग मुळा, मग त्याच्या शेंगा. कोनफळ खणलं की आठवडाभर सगळं जांभळं. करांद्याचे कंद तर आई राखेच्या पाण्यात उकडायची, तरी त्यांचा कडवटपणा जिभेच्या मुळाशी राहायचाच. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "थंडीत थोडं कडू पोटात गेलं पाहिजे. खा."

आता लोक याला ऋतूप्रमाणे आहार म्हणतात आणि मासिकांत त्याचे तक्ते छापून येतात. आमच्याकडे त्याला काही नाव नव्हतं. वाडीत होतं ते खायचो, कारण दुसरं नव्हतं.

शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये राहायची. तिचे वडील मुंबईत नोकरीला, मूळचे कोल्हापूरकडचे. तिच्या डब्यात फ्लॉवर-मटार असायचा. मधल्या सुट्टीत आम्ही डबे बदलायचो. ती माझी पापडी बोटं चाटून खायची आणि विचारायची, "तुमच्याकडे रोज हेच असतं? किती छान!" मी तिला सांगायचे की रविवारी आमच्याकडेही फ्लॉवर असतो. ते खोटं होतं. फ्लॉवर मी फक्त लग्नाच्या पंगतीत खाल्लेला होता.

आमची वाडी म्हणजे बाबांची आणि मोठ्या काकांची मिळून. दोन घरं समोरासमोर, मधे अंगण आणि दोघांच्या मधोमध विहीर. एक दिवस पाणी काकांच्या बाजूला, एक दिवस आमच्या. पाळी ठरलेली होती. आजोबांच्या काळापासून तसंच चाललं होतं आणि त्यावरून कधी आवाज चढल्याचं मला आठवत नाही. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. मी दोन्ही घरांत वाढले.

वर्षातून एकदा, थंडी चांगली पडली की, दोन्ही घरांची मिळून उकडहंडी व्हायची. मातीच्या हंडीत तळाला केळीचं पान, त्यावर पापडी, कोनफळ, रताळी, वांगी, शेवग्याच्या शेंगा, वाटलेलं ओलं खोबरं, लसणीची पात, मिरची, ओवा. तोंड पानांनी घट्ट बंद करायचं आणि हंडी विस्तवात ठेवायची. भरायचं काम आईचं आणि काकूचं, विस्तवाचं काम काकांचं. ते कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. सुकी झावळी किती, लाकूड किती, हंडी कधी फिरवायची, सगळं त्यांच्या अंदाजाने. हंडी फोडली की पहिलं पान ते आईकडे पाठवायचे, माझ्या हाती. आई त्यांच्याशी समोर उभं राहून बोलत नसे. मोठे दीर होते. ती खाऊन मलाच म्हणायची, "काकांना सांग, मीठ बरोबर झालंय." आणि काका अंगणातूनच ऐकून हसायचे.

त्या एका दिवशी मला पापडी आवडायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी दहावीत असताना टँकर आला. स्टेशनच्या पूर्वेकडे बिल्डिंगी भराभर उभ्या राहत होत्या आणि त्यांना नळाचं पाणी नव्हतं. काकांचे गुडघे गेले होते. वाडीत वाकून काम होत नव्हतं आणि गडी मिळत नव्हते. एका सकाळी त्यांनी कुंपण तोडलं, रस्त्याच्या बाजूच्या तीन केळी मुळापासून काढल्या, आणि त्या जागेतून टँकर मागे घेत घेत अंगणात आला. विहिरीत मोटर बसली. पहिल्या दिवशी एकच टँकर भरला. मला तर गंमत वाटली. काकूने ड्रायव्हरला चहा दिला.

आई ओट्यावर उभी राहून बघत होती. बाबा आत आल्यावर म्हणाली, "तुम्हाला विचारलं होतं?"

"मोठा आहे तो," बाबा म्हणाले.

"विहीर मोठी-धाकटी नाही. दोघांची आहे."

"त्याच्या पाळीचं पाणी देतोय. आपल्याला काय?"

खरंच, सुरुवातीला काका फक्त स्वतःच्या पाळीचं पाणी द्यायचे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत दिवसाला पाच-सहा टँकर होऊ लागले आणि पाळी नावाची गोष्ट राहिली नाही. सकाळी वाफ्यांना पाणी सोडायच्या वेळीच मोटर सुरू असायची. आमच्या पाटाला पाणी यायचं ते ऊन चढल्यावर, करंगळीएवढ्या धारेने. आई काकूकडे कुरकुर करायची. काकू काकांचं म्हणणं घेऊन परत यायची: "ते म्हणतात, तिकडे हजारो माणसं राहायला आली. त्यांना पाणी नको?"

"त्यांना पाणी नको असं मी कुठे म्हणते जाऊबाई?" आई म्हणायची. "पण जमिनीत आहे ते किती, याचा काही विचार?"

पाचूबंदरहून एक कोळीण आमच्याकडे यायची. आईच्याच वयाची, मोठ्या आवाजाची. टोपलीत सुके बोंबील, सुकट, कधी बांगडे आणायची आणि त्याच्या बदल्यात पापडी, कोनफळ, मुळे घेऊन जायची. पैसे कधी दिले-घेतले जात नसत. आली की आधी विहिरीवर जाऊन हातपाय धुवायची आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. म्हणायची, "आमच्याकडं समुद्र एवढा, पन पानी प्यायचं तर तुझ्याच दारात."

मी बारावीला होते त्या थंडीत ती अशीच आली. पहिला घोट घेतला आणि तोंडातलं पाणी बाजूला थुंकलं.

"गो, तुझं पानी मचूळ झालं."

"काहीतरी काय," आई म्हणाली. "सकाळीच चहा केलाय मी."

"मला नको शिकवू. खाऱ्याचं मला कळतं. पुन्हा पिऊन बघ."

आईने तांब्या घेतला आणि एक घोट तोंडात धरून ठेवला. मग गिळला आणि तांब्या खाली ठेवला. रोज तेच पाणी पिणाऱ्यांना कळलं नव्हतं. थोडं थोडं होत आलं होतं. कोळीण गेल्यावर आई वाडीत फिरली. मीही मागून गेले. केळीच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. पापडीच्या मांडवाखाली जांभळ्या फुलांचा सडा होता. फूल धरतच नव्हतं. आईने मूठभर फुलं गोळा केली, ओच्यात टाकली, आणि घरी येऊन ती बाबांसमोर ठेवली. बाबांनी बघितली. "बोलतो त्याच्याशी," म्हणाले. बोलले नाहीत.

आता माझा भाग येतो.

बारावीला मला बरे मार्क पडले, पण डी.एड.च्या यादीत नाव लागण्याइतके नाहीत. मला शिक्षिका व्हायचंच होतं. वाडीतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता, हे जास्त खरं. टँकरवाल्याचा मेहुणा एका शिक्षणसंस्थेत वजनदार माणूस आहे, हे काकूकडून कळलं होतं. मीच बाबांच्या मागे लागले. "काकांना सांगा ना. त्यांनी शब्द टाकला तर होईल." बाबा चार दिवस टाळत राहिले. पाचव्या दिवशी, आई बाजारात गेलेली असताना, आम्ही दोघं अंगण ओलांडून काकांकडे गेलो.

काका झोपाळ्यावर बसले होते. मी बोलले; बाबा खाली बघत होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझीच मुलगी आहेस तू," ते म्हणाले. "होईल काम." मग बाबांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पण घरात तेवढं सांभाळ. विहिरीवरून रोज बोलणं नको. तो माणूस बिथरला तर तिकडचंही बिघडेल."

बाबांनी मान हलवली. काकांनी माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली.

काम झालं. आईला आम्ही सांगितलं की दुसऱ्या यादीत नाव लागलं. तिने देवापुढे साखर ठेवली आणि नंतर गल्लीभर सांगत फिरली. "कुणाचा वशिला नाही की काही नाही. स्वतःच्या मार्कांवर." ती हे सांगत असताना मी दोन-तीनदा जवळ उभी होते.

कॉलेज लांब होतं. मी तिथेच एका खोलीत मुलींबरोबर राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. मेसमध्ये फ्लॉवर, कोबी, मटार सगळं मिळायचं. मी आनंदाने खायचे. डिसेंबरातल्या एका शनिवारी घरी आले तर ताटात पापडी नव्हती. डाळ होती, आणि तीही दातांखाली कचकच लागत होती. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही. आई म्हणाली, "दोन वेल राहिलेत फक्त. तुझ्यासाठी ठेवलीय थोडी, उद्या करते."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, टँकरचा आवाज आला आणि मागोमाग काकूची हाक. "अगं, ही बघ काय करतेय!"

आई विहिरीच्या कठड्यावर बसली होती. मोटरची वायर तिने काढून हातात गुंडाळून घेतली होती. टँकरचा ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. त्याला काय करावं कळत नव्हतं. काका कंबरेवर हात ठेवून अंगणात आले.

"हे काय चाललंय?" त्यांनी काकूला विचारलं.

आईनेच उत्तर दिलं. सरळ त्यांच्याकडे बघून. तिचा आवाज इतका स्वच्छ होता की मला आधी तो तिचा वाटलाच नाही. "भाऊजी, आजपासून एक टँकर. तोही तुमच्या पाळीला. विहीर मेली तर तुम्हाला नाही आणि आम्हाला नाही."

"बायकांनी यात पडू नये," काका म्हणाले.

"मग पुरुषांना पाठवा. ते तर आत बसलेत."

बाबा दारात आले होते. पायरी उतरले नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, टाइम हो रहा है." शेजारच्या वाडीतले दोघे-तिघे कुंपणापाशी गोळा झाले. आईने त्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मी दिसताच तिचा चेहरा जरा उजळला.

"तू सांग ग त्यांना," ती म्हणाली. "तू शिकतेस. तुझं ऐकतील. खारं पाणी वर आलं की काय होतं ते सांग."

मला सांगता आलं असतं. शाळेत भूगोलात आम्हाला ते शिकवलंही होतं. काका माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही, वाट बघत होते. कॉलेजचं एक वर्षही पुरं झालं नव्हतं.

मी कठड्यापाशी गेले आणि आईचा दंड धरला. म्हणाले, "आई, लोक बघतायत. घरात चल."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग कळलं. हातातली वायर तिने स्वतःच सोडली. मला ती ओढून घ्यावी लागली नाही. बाबा तेव्हा पायरी उतरून आले आणि दुसऱ्या बाजूने तिला धरलं. आम्ही दोघांनी मिळून तिला आत नेलं. पाच मिनिटांत मोटर सुरू झाली.

त्या दुपारी तिने राखून ठेवलेली पापडी केली. मला वाढली. स्वतः नुसता भात खाल्ला. मी ती सगळी संपवली, कारण ताटात टाकायची हिंमत नव्हती.

त्यानंतर हंडी कधी झाली नाही. पुढच्या दोन पावसाळ्यांनीही विहीर सावरली नाही. पाणी इतकं खारट झालं की बिल्डिंगीतल्या लोकांनी तक्रारी केल्या आणि टँकर यायचा बंद झाला. मोटर काढून नेली. जिथून टँकर आत यायचा त्या जागेत गवतही धड उगवेना. काका झोपाळ्यावर बसून राहायचे. त्यांच्याकडेही आता काहीच नव्हतं, पण त्याचा आनंद मानावा असंही कुणाला वाटलं नाही. बाबांनी वाडी सोडली आणि कामणला एका गोदामात माल मोजून घ्यायचं काम धरलं. कोळीण आणखी एक-दोनदा आली. देण्यासारखं काही नव्हतं म्हणून आईने पैसे पुढे केले. तिने ते घेतले, पण दोघींनाही ते कसंतरीच झालं. मग ती यायची थांबली.

मी पास झाले. नोकरी लागली, लग्न झालं, आणि मी स्टेशनच्या पूर्वेला, आचोळ्याला, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. सासरची माणसं साताऱ्याकडची. थंडीत बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, भरलेलं वांगं. सासूबाई सगळं खालच्या मंडईतून आणायच्या आणि फ्लॉवर बाराही महिने असायचा. आमच्या बिल्डिंगलाही तेव्हा टँकरचंच पाणी होतं. पाइप गच्चीवरच्या टाकीत सोडला की भिंतीतून आवाज यायचा. ते पाणी कुठल्या गावचं, हे मी कधी विचारलं नाही.

माझी मुलगी दीड वर्षांची असताना सासूबाई गावी गेल्या होत्या, म्हणून आई आठवडाभर राहायला आली. जानेवारी होता. मी शाळेतून येताना पापडी घेऊन आले. गुजरातकडची, मोठ्या दाण्याची. आई आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ती निवडत होतो. मुलगी शेंगा उचलून डब्यात टाकत होती. आई तिला म्हणाली, "तुझी आई खूप हुशार हो. कुणाच्या शिफारशीशिवाय शिकली."

का कोण जाणे, त्या वाक्याने माझ्याच्याने राहवलं नाही. मी सांगितलं. काकांकडे गेलेलो, झोपाळा, मान हलवली, सगळं. सांगताना माझे हात शेंगांवरच होते.

आईने निवडणं थांबवलं नाही. हातातली शेंग मोडून म्हणाली, "मी कठड्यावर बसले होते, तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

"हो."

"तुझ्या बाबांचं मी धरून चालले होते. त्यांच्याने कधी झालंच नसतं." तिने एक शेंग सोलून दाणे बघितले. "तुला मी बोलायला सांगितलं होतं."

मी म्हणाले, "माझं कॉलेज सुटलं असतं, आई."

"सुटलं असतं," ती म्हणाली. "बरोबर आहे."

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. पापडी केली, नातीला भरवली, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून तयार होती. म्हणाली, बाबांना बरं नाही. बाबांना काही झालेलं नव्हतं. मुलीला सांभाळायला मी चार दिवस रजा टाकली.

संबंध तुटले असं नाही. सणावारी ती यायची, मी जायचे, फोन व्हायचे. पण ती माझ्याकडे राहायला पुन्हा आली नाही आणि माझ्या शिकण्याबद्दल कुणाशी बोलताना मी तिला पुन्हा ऐकलं नाही. मी पुष्कळदा स्वतःला समजावलं की मी बोलले असते तरी मोटर बंद झाली नसती. ते खरंच असावं. त्याचा काही उपयोग होत नाही.

बाबा गेले. वर्षभरात काकूही गेली. काका एकटे पडले, दिसेनासं झालं, आणि त्यांचं दोन वेळचं ताट आईकडून जाऊ लागलं. तोवर गावात नळ आला होता. आई बाजारातून भाजी आणायची आणि काकांसाठी मऊ शिजवायची. एका हिवाळ्यात मी गेले तेव्हा ती त्यांचं ताट वाढत होती. कोनफळाच्या फोडी काट्याने कुस्करून ठेवत होती, म्हणजे त्यांना चावायला त्रास नको. मला ते बघवेना.

"त्यांना कसं वाढवतं ग तुला?" मी विचारलं.

आईने ताटावर दुसरं ताट झाकलं. "त्यांनी केलं ते माझ्या डोळ्यांसमोर केलं," ती म्हणाली.

ती अंगण ओलांडून ताट देऊन आली. हात धुतले. मग मला म्हणाली, "तू जेवून आली असशील ना?"

मी जेवले नव्हते. हो म्हटलं.